प्रज्ञाचक्षू श्री गुलाबराव महाराज आणि मनाचे वैद्यक

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापडाच्या गाठी मोजण्यात आणि उधारीच्या वह्या सांभाळण्यात गेले. आचार्य भगवंतांची चरित्रे लिहिण्याचा अधिकार ज्यांचा आहे ते विद्वान या अंकात लिहीतच आहेत. मी मात्र आपल्याच जिल्ह्यातील एका अजैन सत्पुरुषाचे चरित्र सादर करीत आहे. या निवडीबद्दल काही बंधूंच्या भुवया उंचावतील याची मला जाणीव आहे. परंतु ज्या कारणाने मी या चरित्राकडे वळलो ते कारण माझ्या घरचे आहे आणि ते पुढे ओघात येईलच.

श्री गुलाबराव महाराजांचे नाव वऱ्हाडात कोणास ठाऊक नाही? चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे त्यांचे गाव, चांदूर बाजारचे भक्तिधाम त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि अमरावतीच्या दहिसाथ भागात त्यांच्या संप्रदायाचे मंडळ आहे. तरीही, खरे सांगायचे तर, आपल्यापैकी बहुतेकांना एवढेच माहीत असते की ते अंध होते, त्यांनी पुष्कळ ग्रंथ रचले आणि ते कुंकू लावीत, मंगळसूत्र घालीत. या शेवटच्या गोष्टीपाशी आपण थबकतो. कोणी हसून विषय बदलतो, कोणी श्रद्धेने हात जोडून विषय बदलतो. विषय मात्र दोन्ही वेळा बदलला जातो.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे, कुणबी शेतकऱ्यांचे. वडिलांचे नाव गोंदुजी, आईचे अलोकाबाई. अवघ्या आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडल्याने त्यांची दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे झाले तोच आई गेली. पुढची काही वर्षे आजीने लोणी टाकळीसच त्यांचा सांभाळ केला. १८९६ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव मनकर्णिका.

आता या मुलाची स्थिती क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. आई नाही, दृष्टी नाही, शाळेचा प्रश्नच नाही. अंधांसाठी ब्रेल लिपी युरोपात निघाली होती, पण माधानला ती कोठून येणार? वऱ्हाड तेव्हा इंग्रजी अमलाखाली होता, कापसाच्या भावावर गावे तरत होती आणि बुडत होती. महाराज अठरा वर्षांचे असताना १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ पडला, ज्यास आपले राजस्थानी पूर्वज छपन्नाचा दुष्काळ म्हणत. अशा परिस्थितीत एखादा अंध मुलगा कोपऱ्यात बसून राहता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. त्याने दुसरेच केले. जो कोणी वाचून दाखवील त्याच्याकडून तो ऐकत गेला. वेदान्त, न्याय, व्याकरण, पुराणे, संतांचे ग्रंथ असे काहीही त्याला चाले. एकदा ऐकलेले त्याच्या स्मरणात राही. पुढे शिष्यांकडून त्यांनी डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांची मतेही जाणून घेतली आणि त्यांचा परामर्शही घेतला. माधानच्या शेतकऱ्याच्या घरी विसाव्या शतकाच्या आरंभी हे घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे मन थक्क होते.

१९०१ साली त्यांच्या जीवनाला वळण देणारी घटना घडली. सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या श्री ज्ञानेश्वर माउलींनी त्यांना दर्शन दिले, मांडीवर घेतले आणि स्वतःच्या नावाचा मंत्र दिला, असे संप्रदायाची परंपरा सांगते. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. पुत्र नव्हे, शिष्य नव्हे, तर कन्या. आणि ज्याची कन्या त्याच्याच हातून कन्यादान व्हावे, या न्यायाने त्यांनी श्रीकृष्णाला पती मानले. कुंकू, मंगळसूत्र, वेणी ही सारी त्या नात्याची चिन्हे होत. या भक्तीला त्यांनी केवळ भावनेवर सोडले नाही. अद्वैत मान्य करूनही भक्ताचे आणि भगवंताचे प्रेम कसे टिकते याची शास्त्रशुद्ध मांडणी करून त्यांनी तिला मधुराद्वैत असे नाव दिले. पुढच्या अवघ्या चौदा वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगून लिहविले, संस्कृतात आणि मराठीतही. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला तेव्हा ते केवळ चौतीस वर्षांचे होते. त्यांचे कार्य पुढे बाबाजी महाराज पंडित यांनी नेले.

एवढे चरित्र कोणत्याही छोट्या पुस्तिकेत मिळते. माझे लक्ष वेधले ते त्यांच्या संस्कृत ग्रंथांच्या यादीतील तीन नावांनी. एक अंतर्विज्ञानसंहिता, दुसरे मानसायुर्वेद आणि तिसरे प्रियप्रेमोन्माद. आतले विज्ञान, मनाचे वैद्यक आणि प्रेमाचा उन्माद! ही तीन नावे एकाच लेखकाची असावीत, आणि तो लेखक असा असावा ज्याला आजच्या एखाद्या घाईच्या डॉक्टरने कदाचित रोगीच ठरविले असते, हा योगायोग मला सोडवेना.

मनाचे वैद्यक ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. चरकाचार्यांनी उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला दैवव्यपाश्रय, ज्यात मंत्र, व्रत, उपवास, प्रायश्चित्त येतात. दुसरा युक्तिव्यपाश्रय, म्हणजे आहार आणि औषध. तिसरा सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरून ताळ्यावर आणणे. आजच्या भाषेत तिसऱ्यास मानसोपचार म्हणता येईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या तिघांत भांडण नाही. एकाच रोग्यास तिन्ही लागू शकतात. महाराजांनी मानसायुर्वेद रचला तो या परंपरेत उभे राहून.

आता थोडे पश्चिमेकडे पाहू. माझ्या पुतणीने मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले. तिच्या पुस्तकांतून आणि तिच्याशी झालेल्या वादांतून मला जे उमगले ते सांगतो. व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉईड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १९०० या सालाच्या छापाने निघाला, म्हणजे महाराजांना मंत्र मिळाला त्याच्या आदल्या वर्षी. मनाचा फार मोठा भाग आपल्या स्वतःच्या नजरेआड असतो आणि तोच आपल्याला चालवितो, हा त्यांचा मूळ सिद्धांत. धर्माविषयी मात्र त्यांचे मत कठोर होते. १९०७ च्या एका लेखात त्यांनी धार्मिक आचारांची तुलना पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या रोग्याच्या कृतींशी केली आणि १९२७ च्या ग्रंथात धर्मश्रद्धेला मनाने इच्छेपोटी रचलेला भ्रम ठरविले.

त्यांचे सहकारी स्वित्झर्लंडचे डॉ. कार्ल गुस्ताव युंग यांना हे पटले नाही. युंग आपल्या महाराजांहून सहा वर्षांनी मोठे, जन्म २६ जुलै १८७५ चा. वडील पाद्री होते, पण आतून श्रद्धा आटलेली, आणि तशाच कोरड्या मनाने ते प्रवचने देत राहिले. मुलाने हे जवळून पाहिले. १९०७ मध्ये फ्रॉईड आणि युंग यांची पहिली भेट झाली तेव्हा ते तब्बल तेरा तास बोलत बसले असे सांगतात. १९१३ मध्ये दोघांचा संबंध तुटला. मतभेदाची कारणे अनेक होती, परंतु मनाच्या तळाशी केवळ दडपलेल्या वासना आहेत की त्याहून खोल काही आहे, हा प्रश्न त्यात होताच. युंग पुढे या निष्कर्षास आले की आयुष्याच्या उत्तरार्धातील त्यांच्या रुग्णांचे दुखणे अखेरीस धर्मदृष्टी हरविल्याचेच असते आणि ती परत गवसल्याशिवाय त्यांच्यापैकी कोणी खऱ्या अर्थाने बरा होत नाही. १९३२ मध्ये त्यांनी हे स्पष्टपणे मांडले. दारूच्या व्यसनात बुडालेल्या एका अमेरिकन रुग्णाला त्यांनी औषधाची आशा न दाखविता आध्यात्मिक अनुभवाचा मार्ग सुचविला. त्या सूचनेचा धागा पुढे १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीपर्यंत जातो.

युंग १९३७ च्या डिसेंबरात भारतातही आले. भारतीय विज्ञान परिषदेच्या कलकत्त्याच्या अधिवेशनाचे त्यांना निमंत्रण होते. कलकत्त्यास आमांशाने आजारी पडून दहा दिवस रुग्णालयात राहिले. परंतु येथील साधुपुरुषांना भेटण्याचे त्यांनी जाणूनबुजून टाळले, रमण महर्षींकडेही ते गेले नाहीत. दुसऱ्याच्या अनुभवावर आपण जगू नये, अशी त्यांची भूमिका होती. मला व्यक्तिशः ही भूमिका थोडी अहंकाराची वाटते. पण निदान त्यांनी खोटी भक्ती दाखविली नाही.

युंगच्या चरित्रातील एक भाग वाचताना मात्र मी अक्षरशः पुस्तक मिटून बसलो. फ्रॉईडशी फारकत झाल्यावर युंग स्वतः आतून कोसळू लागले होते. जागेपणी त्यांच्यापुढे दृश्ये उभी राहत. १९१३ च्या डिसेंबरातील एका दृश्यात त्यांना एक वृद्ध ज्ञानी पुरुष दिसला, बायबलमधील एलिया. त्याच्यासोबत एक तरुण स्त्री होती, ती त्याची कन्या होती आणि ती अंध होती. ज्ञानी पित्याची अंध कन्या! त्याच सुमारास सहा-सात हजार किलोमीटरवर आपल्या वऱ्हाडात एक अंध पुरुष स्वतःला ज्ञानियांच्या राजाची कन्या म्हणवीत होता. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते. यातून मी कोणताही चमत्कार सिद्ध करू इच्छित नाही. युंग म्हणत की प्रत्येक पुरुषाच्या मनात एक स्त्रीरूप असते आणि ते ओळखल्याशिवाय त्याचे मन पूर्ण होत नाही. ते खरे असो वा नसो, दोन दूरच्या माणसांना एकच प्रतिमा भेटली, एवढी नोंद मी करतो.

भेद आहे तो पुढच्या वर्तनात. युंग यांनी आपली ही दृश्ये एका मोठ्या तांबड्या वहीत सुंदर अक्षरांत आणि चित्रांत उतरविली. हे काम त्यांनी १९१५ मध्ये आरंभिले, म्हणजे महाराज गेले त्याच वर्षी. परंतु ती वही त्यांनी प्रसिद्ध केली नाही. १९६१ मध्ये युंग वारले, वही पुढे अनेक वर्षे कुलपात राहिली आणि २००९ मध्ये छापून निघाली. लोक आपल्याला वेडा म्हणतील ही भीती त्यांना होती. महाराजांनी मात्र काहीच कुलपात ठेवले नाही. कुंकू कपाळावर लावले आणि लोकांत वावरले. हे धैर्य त्यांच्या एकट्याचे नव्हते, असे मला वाटते. स्वतःला राधेची सखी मानणाऱ्या भक्तांची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. बंगालच्या रामकृष्ण परमहंसांनीही मधुर भावाच्या साधनेच्या काळात स्त्रीवेष धारण केला होता. या रामकृष्णांवर सुधीर कक्कर या भारतीय मनोविश्लेषकाने १९९१ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि त्यांच्या अनुभवांना सरसकट रोग म्हणणे नाकारले. झुरिकच्या डॉक्टरला असा आधार देणारे गाव नव्हते. माधानच्या अंध तरुणाला होते.

मग रोग कोणता आणि साधना कोणती? हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

माझा धाकटा बंधू अकोल्यास आमचीच कापडाची शाखा पाहत असे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी धंद्यात मोठी खोट आली, पाठोपाठ त्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर बंधूने दुकानात जाणे सोडले. भिंतीकडे तोंड करून पडून राही, जेवण नको, बोलणे नको. आम्ही काय केले? घरात अखंड नवकार मंत्राचा जाप बसविला. त्याच्याकडून आयंबील करविले, ज्याला आधीच अन्न जात नव्हते त्याच्याकडून! अशुभ कर्माचा उदय आहे, भोगून संपेल, असे आम्ही एकमेकांस सांगत राहिलो. डॉक्टरकडे नेले तर समाजात बभ्रा होईल, पुतणीच्या लग्नाला अडथळा येईल, ही खरी भीती होती. तिला आम्ही धर्माचे वस्त्र नेसविले होते. आठ महिने असे गेले. एका रात्री तो विहिरीच्या काठावर उभा सापडला तेव्हा आमचे डोळे उघडले.

अकोल्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली. दीड-दोन महिन्यांत फरक दिसू लागला. मला भीती होती की हे डॉक्टर आमच्या धर्माचरणाची थट्टा करतील. त्यांनी थट्टा केली नाही. बंधूला पूर्वी सामायिकात गोडी होती हे कळल्यावर त्यांनी सांगितले की गोळ्याही चालू ठेवाव्यात आणि झेपेल तेवढे सामायिकही करावे. उपवास मात्र त्यांनी सक्तीने बंद केले. चरकाचार्यांचे तिन्ही प्रकार अशा रीतीने आमच्या घरी एकत्र आले, अर्थात त्या वेळी मला चरकाचे नावही ठाऊक नव्हते.

त्या दिवसांत दर रविवारी मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास जाई. बंधूला वाचवत नसे, अक्षरे हलतात म्हणे. शेजारच्या दुकानातील एका वारकरी व्यापाऱ्याने मला गुलाबराव महाराजांचे छोटे चरित्र दिले होते, तेच मी त्याला वाचून दाखवू लागलो. जैन ग्रंथ सोडून हे का, असे घरच्यांनी विचारले. उत्तर माझ्यापाशी नव्हते. नवकाराच्या जापाशी त्याच्या मनात ते आठ महिने जोडले गेले असावेत. परका संत त्याला जवळचा वाटला. ज्या माणसाने सारे ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मिळविले त्याची कथा तो ऐकत होता. एका रविवारी त्याने मध्येच थांबवून विचारले की अंध झालेल्या मुलाला पुढे कधी आईचा चेहरा आठवला असेल का. आठ-नऊ महिन्यांनंतर त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

तेव्हापासून मी या विषयाचा विचार करीत आलो आहे. आपल्या तत्त्वार्थसूत्रात ध्यानाचे चार प्रकार आहेत आणि त्यांतील पहिले आर्तध्यान हे दुःखात अडकलेल्या मनाचे आहे. प्रिय व्यक्तीचा वियोग, अप्रियाचा संयोग, वेदना आणि भोगाची लालसा ही त्याची चार रूपे होत. माझा बंधू जे अनुभवीत होता ते इष्टवियोगाचे आर्तध्यान नव्हे तर काय? आपल्या आचार्यांनी मनाच्या या कोंडीला ध्यानच म्हटले, कारण तेथेही एकाग्रता असते, फक्त चुकीच्या जागी. आणि बाहेर पडण्यासाठी जी अंतरंग तपे सांगितली त्यांत प्रायश्चित्त आहे, स्वाध्याय आहे, तसेच वैयावृत्त्यही आहे, म्हणजे रुग्णाची सेवा. गुरूंपुढे मनातले सारे उघडे करण्याच्या आलोचनेत आणि मानसोपचारतज्ज्ञापुढे बोलण्यात मला फार अंतर दिसत नाही. अंतर एवढेच की आलोचना करणारा दोषमुक्तीसाठी जातो आणि रुग्ण दुःखमुक्तीसाठी.

महाराजांच्या बाबतीत माझा निर्णय मी सांगून टाकतो, तो चुकीचा असल्यास विद्वानांनी क्षमा करावी. रोगाने माणूस आकसतो. महाराज विस्तारत गेले. ज्याचे चित्त विस्कटलेले आहे तो लहान मुलांसाठी शिशुबोधव्याकरण रचू शकत नाही, न्यायसूत्रे सांगू शकत नाही. स्वतःला कन्या म्हणविणारा हा पुरुष प्रपंचातही होता, शिष्यांना शिकवीत होता, प्रतिपक्षाशी तर्काने वाद करीत होता. १९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत धार्मिक वा आध्यात्मिक अडचण अशी वेगळी नोंद केली आणि ती मानसिक विकारांत धरली नाही. आपल्या खेड्यातील माणसांनी हा भेद त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षे कोणत्याही पुस्तिकेवाचून केला होता. त्याच खेड्यांत खऱ्या रोग्याला साखळीने बांधून ठेवीत, हेही तितकेच खरे. नागपूरला १८६४ पासून मनोरुग्णालय असूनही तेथे नेणे म्हणजे घराण्याला बट्टा, ही समजूत आमच्या घरापर्यंत पोहोचलीच होती.

महाराजांना अनुयायी समन्वय महर्षी म्हणतात. सर्व धर्मांचा मेळ आपल्या वैदिक धर्मात घालण्याचा त्यांचा प्रयत्न होता. आपला अनेकांतवाद हा नव्हे. समन्वयात शेवटी एक घर मोठे ठरते आणि बाकीच्यांना त्यात खोल्या मिळतात. ईश्वराची कृपा, पती म्हणून ईश्वर, हे आपल्या सिद्धांतात बसत नाही आणि ओढूनताणून बसविण्याचा खटाटोप मी करणार नाही. माझ्या बंधूलाही ते पटले नव्हते. तरीही पुस्तक संपल्यावर त्याने ते परत करू दिले नाही. मी त्या व्यापाऱ्यास दुसरी प्रत आणून दिली.

त्या वर्षीच्या पर्युषणात संवत्सरीच्या प्रतिक्रमणाला बंधू स्वतः चालत स्थानकात आला. क्षमापनेच्या वेळी मी त्याच्यापुढे हात जोडले ते रिवाजाचे नव्हते, त्या आठ महिन्यांचे होते. त्याने माझे हात खाली केले आणि विचारले की माधान येथून किती दूर आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे चांदूर बाजारमार्गे माधानला गेलो. गोळ्यांची पुडी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. दुपारी जेवणानंतर त्याने ती आठवणीने घेतली.